‘पॅरिश’ म्हणजे काय, हे कन्नड माणसाला कसं सांगायचं

मी बेळगावात कागदपत्रांची भाषांतरं करतो. मराठी, कन्नड, इंग्रजी, ज्याला जे हवं ते. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाचा चर्चमधला दाखला इंग्रजीतून कन्नडमध्ये करायला आला. काम अर्ध्या तासाचं. बाळाचं नाव, आईवडिलांची नावं, तारीख, फादरची सही आणि मधे एक शब्द, ‘पॅरिश’. माझं डोकं मराठीत चालतं. आपल्याकडचे प्रोटेस्टंट लोक ‘आमची मंडळी’ म्हणतात ते कानावरून गेलेलं. मी सरळ ‘मंडळि’ लिहून मोकळा झालो.

कागद ज्या कचेरीत गेला, तिथल्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “इदु याव मंडळि, सर?” ही कुठली मंडळी? त्याचंही बरोबर होतं. कन्नडमध्ये मंडळि म्हणजे बोर्ड. बेंगळुरूला पाणी सोडते ती जलमंडळि, पूर्वी वीज द्यायची ती विद्युत् मंडळि. फार तर यक्षगानाचा संच किंवा भजनी मंडळ. बाळाचा धर्मसंस्कार एखाद्या बोर्डात झाला असावा असंच माझ्या कागदावरून वाटत होतं. कुटुंबाचा एक हेलपाटा फुकट गेला, चूक माझी होती, कागद मी पुन्हा करून दिला.

त्यानंतर हा शब्द मी बऱ्याच कन्नड लोकांना समजावला आहे. धारवाडला इंग्रजी साहित्य शिकणारी मुलं, कचेरीतली माणसं, स्वतः ख्रिस्ती असूनही इंग्रजी शब्दाशी अडणारी कुटुंबं. सीमाभागात, किनाऱ्यावर किंवा बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसावर ही वेळ कधी ना कधी येते, म्हणून माझी पद्धत लिहून ठेवतो.

आधी विचारा, मग सांगा

समोरचा माणूस तीनपैकी कुठल्या गटातला आहे ते पाहिल्याशिवाय तोंड उघडू नका. एक, ख्रिस्ती नसलेला. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकात ख्रिस्ती लोकसंख्या १.८७ टक्के होती, म्हणजे तुमचा श्रोता बहुतेक वेळा याच गटातला असणार. दोन, कन्नड बोलणारा कॅथलिक. तीन, कन्नड बोलणारा प्रोटेस्टंट. चौथा एक पोटगट आहे, घरी कोंकणी आणि बाहेर कन्नड बोलणारा मंगळूर-उडुपी-कारवारकडचा कॅथलिक. त्याला समजावण्याची गरजच नसते, उलट त्याच्याकडून शिकता येतं. त्याच्याकडे पुढे येतो.

कॅथलिक की प्रोटेस्टंट हे तोंडावर विचारणं काही जणांना अवघड वाटतं. मी दुसराच प्रश्न विचारतो: बाळाला पाणी घालून नाव देतात त्या विधीला तुम्ही काय म्हणता? उत्तर ‘ज्ञानस्नान’ आलं तर घर कॅथलिक, ‘दीक्षास्नान’ आलं तर प्रोटेस्टंट. मराठीतही अशीच खूण आहे. वसईकडचा कॅथलिक ‘स्नानसंस्कार’ म्हणेल, अहिल्यानगरचा (पूर्वीचं अहमदनगर) प्रोटेस्टंट ‘बाप्तिस्मा’. या एका शब्दावरून पुढचे सगळे शब्द ठरतात.

कागदावर गाव काढा

आता इंग्रजी शब्द बाजूला ठेवा. प्रतिशब्द शोधत बसलात तर माझ्यासारखे ‘मंडळि’त जाऊन पडाल. कोरा कागद घ्या, मधोमध चर्चची इमारत काढा. भोवती घरं काढा, पंधरा-वीस ठिपके पुरेत. त्यातले काही ठिपके ख्रिस्ती घरांचे म्हणून भरून टाका. मग सगळ्याभोवती एक रेघ ओढा. रेघेच्या पलीकडे दुसरं चर्च, त्याची घरं, त्याची रेघ.

आता सांगा: रेघेच्या आतली भरलेली घरं आणि त्यांची काळजी वाहायला नेमलेला एक फादर, हे सगळं मिळून पॅरिश. इमारत म्हणजे पॅरिश नव्हे, इमारत पडली तरी पॅरिश राहते. रविवारी प्रार्थनेला जमलेली गर्दीही पॅरिश नव्हे, कारण त्या गर्दीत पाहुणे असतात आणि पॅरिशमधली निम्मी माणसं घरी झोपलेली असतात.

ती रेघ महत्त्वाची. चर्च, फादर, प्रार्थना हे सिनेमात पाहून सगळ्यांना ठाऊक असतं. चर्चला हद्द असते हे ठाऊक नसतं, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

हद्दीसाठी कन्नडमध्ये एक तयार शब्द आहे, तो वापरा: व्याप्ति. कुठलंही कन्नड वर्तमानपत्र उघडा, चोरीच्या बातमीत ‘अमुक पोलीस ठाणा व्याप्तियल्लि’ असतंच. आपण मराठीत व्याप्ती म्हणजे विषयाचा पसारा म्हणतो, कन्नड माणसाला त्यातून थेट हद्द दिसते. “ई चर्चिन व्याप्तिगे सेरिद मनेगळु”, म्हणजे या चर्चच्या हद्दीत मोडणारी घरं, एवढं म्हटलं की काम अर्धं झालं.

मनेदेवरु बदलत नाही, पॅरिश बदलते

उपमा देताना लोक हटकून देवळाकडे वळतात आणि तिथेच फसतात. मी देवळाची उपमा मुद्दाम देतो, पण उलटी करून.

उत्तर कर्नाटकातल्या माणसाला विचारा, तुमचं ‘मनेदेवरु’ कुठलं? कुणी सौंदत्तीची यल्लम्मा सांगेल, कुणी मैलारलिंग, कुणी गोडचीचा वीरभद्र. आपल्या कुलदैवतासारखंच. मग विचारा, उद्या नोकरीसाठी बेंगळुरूला गेलात तर मनेदेवरु बदलेल का? हसेल. देव कुठे बदलतो, रक्तातून आलेला. तिथेच सांगायचं, पॅरिशचं याच्या बरोबर उलट असतं. घर बदललं की पॅरिश बदलते. ती रक्तातून येत नाही, पत्त्यातून येते. मठाचंही तसंच सांगता येतं. एखाद्या लिंगायत मठाचे भक्त दहा जिल्ह्यांत विखुरलेले असतात, त्यांना मठाशी बांधते ती परंपरा. पॅरिशमधल्या माणसांना बांधतो तो मुक्काम.

याला कायद्याचा आधार आहे. कॅथलिक चर्चची सध्याची कायदेसंहिता १९८३ ची. तिच्यानुसार एखाद्या पॅरिशच्या हद्दीत कायम राहायच्या इराद्याने आलात, किंवा पाच वर्षं राहिलात, की तिथले रहिवासी झालात. नुसता तीन महिने राहायचा इरादा असला, किंवा तीन महिने खरोखर राहिलात, तरी तात्पुरतं वास्तव्य धरलं जातं. आणि ज्याच्या हद्दीत तुम्ही राहता, तो तुमचा पॅरिश प्रीस्ट.

मग रेशनच्या दुकानाकडे या. ‘न्यायबेले अंगडि’ प्रत्येक कन्नड घराला माहीत. तुमचं कार्ड एका दुकानाला जोडलेलं असतं. साखर तुम्ही बाजारात कुठूनही आणाल, कुणी अडवत नाही, पण तुमचं नाव त्या एका दुकानदाराच्या यादीत. पॅरिशचं असंच आहे. रविवारी तुम्ही शहरातल्या कुठल्याही चर्चमध्ये जाऊन बसा. लग्न, बाळाचा संस्कार, अंत्यविधी यांसाठी मात्र प्रश्न येतो, तुमची पॅरिश कुठली? रेशन आता कुठेही घेता येतं असं एखादा चुणचुणीत पोरगा म्हणेल. म्हणू द्या, यादीत नाव असणं म्हणजे काय ते त्याला समजलेलं असतं.

मुस्लीम श्रोता असेल तर याहून सोपं. मशिदीची जमात, तिच्यात मोडणारी घरं आणि निकाहची नोंद ठेवणारं रजिस्टर हे त्याच्या ओळखीचं असतं. जुळणी शंभर टक्के नाही, पण माणसं आणि नोंदवही यांचं नातं लगेच कळतं.

रजिस्टरचा पेच

‘पत्त्यातून येते’ हे सांगून झालं की एक गाठ सोडवावी लागते. ती इथे सुटली नाही तर दाखल्याच्या भाषांतरात हमखास चूक होते.

पॅरिशकडे रजिस्टरं असतात: बाप्तिस्म्याचं, लग्नाचं, मृत्यूचं. यातलं बाप्तिस्म्याचं रजिस्टर माणसाचा पाठलाग सोडत नाही. समजा बाळाचा संस्कार कारवारला झाला, मुलगी वाढली हुबळीत आणि लग्न झालं बेंगळुरूला. लग्नाची नोंद बेंगळुरूच्या रजिस्टरात होतेच, शिवाय तिथून कारवारला कळवलं जातं आणि कारवारच्या जुन्या वहीत तिच्या नावापाशी लग्नाचीही नोंद चढते. म्हणून लग्न ठरलं की बाप्तिस्म्याचा ताजा उतारा मागतात. तीस वर्षांपूर्वीचा, घरी फ्रेम करून ठेवलेला दाखला चालत नाही, कारण मधल्या काळात त्या नावापाशी काही लिहिलं गेलं का हे ताज्या उताऱ्यातच दिसतं.

त्यामुळे बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरची ‘पॅरिश’ म्हणजे त्या माणसाची आजची पॅरिश नव्हे. ती नोंद जिथे आहे ती पॅरिश. कन्नड कारकून तो पत्ता समजून ‘ईगिन विळास’ म्हणजे हल्लीच्या पत्त्याशी ताडून बघतो, जुळला नाही की कागद परत. अशा वेळी मी भाषांतराखाली एक ओळ घालतो: नोंद ज्या चर्चच्या रजिस्टरात आहे त्या चर्चची ही व्याप्ति, अर्जदाराचा निवास नव्हे.

कुणापुढे कोणता शब्द

कन्नड कॅथलिक लोकांत पॅरिशला ‘धर्मकेंद्र’ म्हणतात. “निम्म धर्मकेंद्र यावुदु?”, म्हणजे तुमची पॅरिश कुठली, असं विचारलंत की त्यांना बरोबर समजतं. पण हाच शब्द ख्रिस्ती नसलेल्या माणसासमोर एकटा टाकू नका. त्याला तो एखादा आश्रम किंवा धर्मस्थळासारखं यात्रेचं ठिकाण वाटतो. त्याच्यासाठी ‘चर्चिन व्याप्ति’ म्हणा आणि धर्मकेंद्र हे त्याचं ख्रिस्ती नाव म्हणून नंतर सांगा.

प्रोटेस्टंटांचा शब्द ‘सभे’. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या प्रोटेस्टंट संस्थेचे लोक १८३४ मध्ये मंगळूरला उतरले, काही वर्षांत धारवाड-हुबळीकडे पसरले. सभे म्हणजे एका ठिकाणच्या विश्वासी लोकांचा समाज, आणि तिची काळजी वाहणारा तो ‘सभापालकरु’. मराठीत आपण पाळकसाहेब म्हणतो तेच. पण सभेमध्ये माणसं आहेत, रेघ नाही. प्रोटेस्टंट कुटुंब घराजवळचं चर्च सोडून दूरच्या सभेत नाव ठेवू शकतं, बदलताना जुन्या सभेचं पत्र नव्या सभेत देतात. म्हणून ‘पॅरिश’ला ‘सभे’ म्हटलं की अर्थ नव्वद टक्के पोचतो आणि हद्द गळून पडते. चर्च ऑफ साउथ इंडियाच्या कागदात तर पॅरिशऐवजी ‘पास्टोरेट’ हा शब्द भेटतो. तिथे तोच ठेवा, त्याचं पॅरिश करू नका.

जाता जाता: ही साउथ इंडिया मंडळी २७ सप्टेंबर १९४७ ची, आणि महाराष्ट्रातली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झाली. म्हणजे कोल्हापूरचा नॉर्थ इंडियाचा पाळक आणि धारवाडचा साउथ इंडियाचा सभापालक शेजारी असले तरी चर्च वेगळी. ‘तुमचं-आमचं एकच’ असं गृहीत धरून शब्द उसने घेऊ नका.

आता किनाऱ्यावरचा कोंकणी कॅथलिक. त्याच्याकडे या गोष्टीचा घरचा शब्द आहे, ‘फिर्गज’. पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’वरून आलेला. गोव्यातही तोच. फिर्गजमधला माणूस ‘फिर्गजगार’, फादर ‘विगार’, चर्च ‘इगर्ज’. पोर्तुगीजमध्ये ‘फ्रेगेझ’ म्हणजे पॅरिशमधला माणूस आणि दुकानाचं गिऱ्हाईकही! माझी रेशन दुकानाची उपमा त्यांना आधीच सुचली होती म्हणायची.

मंगळूरकडची फिर्गज वाड्यांत वाटलेली असते आणि प्रत्येक वाड्याचा एक ‘गुरकार’ असतो. घरोघर निरोप पोचवणं, अडल्यानडल्याची खबर विगारापर्यंत नेणं ही त्याची कामं. हा गुरकार पोर्तुगालहून आलेला नाही. तुळुनाडात, म्हणजे मंगळूर-उडुपीच्या तुळू मुलखात, जातीच्या किंवा गावाच्या प्रमुखाला ‘गुरिकार’ म्हणतात, तोच मातीतला शब्द चर्चने उचलला. तिकडच्या माणसाला पॅरिश समजावताना गुरकारापासून सुरुवात केली तर मला पुढचं काही सांगावं लागत नाही, तोच मला सांगायला लागतो. ८ सप्टेंबरला मोंती फेस्त असतं, मारियेचा जन्मदिवस. नव्या भाताची कणसं चर्चमध्ये आशीर्वादित करून घरोघर देतात. त्या कणसातले दाणे सोलून, कुटून दुधात किंवा पायसात घालतात आणि सगळं घर एकत्र बसून खातं. ख्रिस्ती नसलेल्या मंगळुरी शेजाऱ्याला हे माहीत असतं. त्याला इतकंच सांगा: कणीस ज्या चर्चमधून ज्या घरांत येतं, ती घरं म्हणजे ती पॅरिश.

शेजारच्या भाषांनी हाच शब्द आपापल्या परीने सोडवलाय. मलयाळममध्ये ‘इडवक’, तमिळमध्ये ‘पंगु’, म्हणजे वाटा. बेंगळुरूत हे कानावर येतं, कारण तिथल्या बऱ्याच चर्चमध्ये कन्नड, तमिळ, कोंकणी, मलयाळम, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य प्रार्थना, होते. तिथे पॅरिश सांगताना भाषा हा धागा पकडू नका. एकाच हद्दीत पाच भाषांची घरं असतात. खास एका भाषेच्या किंवा विधीच्या लोकांसाठी वेगळी पॅरिशही काढता येते, कायद्यात तशी सोय आहे, पण तो अपवाद. नियम हद्दीचा.

मराठी डोक्याचे सापळे

‘मंडळी’चं सांगितलंच. त्यात अजून एक मेख आहे. किनाऱ्यावरच्या कन्नड बातम्यांत ‘चर्च पालना मंडळि’ हा शब्द नेहमी येतो. ती पॅरिश नव्हे, पॅरिशचा कारभार बघणारी समिती, म्हणजे पॅरिश कौन्सिल. तिचा अध्यक्ष फादरच असतो, म्हणून बातमीत सामान्य माणसांतून निवडलेल्या ‘उपाध्यक्षां’चं नाव छापलेलं दिसतं. तुम्ही पॅरिशला मंडळि म्हटलंत तर जाणकार कन्नड कॅथलिकाला ती समिती वाटेल, अजाणत्याला बोर्ड. दोन्हीकडे तुम्ही चुकलेले.

वसईकरांचा ‘धर्मग्राम’ मला फार आवडतो. पॅरिशमधली वस्ती त्यात नेमकी पकडली आहे. पण तो कन्नडमध्ये नेऊ नका. कन्नड कानाला ग्राम म्हणजे महसुली गाव, आणि धर्मग्राम म्हणजे एखादं पुण्यक्षेत्र. ‘धर्मप्रांत’ मात्र सुखरूप पलीकडे जातो. पॅरिशांच्या वर असतं ते डायोसीस, बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश. १९९८ मध्ये झालेला वसई धर्मप्रांत आपल्याला ठाऊक आहे, कन्नडमध्ये ‘उडुपि धर्मप्रांत्य’ म्हणतात, तो २०१२ चा. एका ‘य’चा फरक. मधली पायरी, काही पॅरिशांचा गट, तिकडे ‘वलय’. ही उतरंड सांगताना होबळी-तालुका-जिल्हा अशी जोडी लावलीत तर समजतं, फक्त ‘सरकारी नव्हे’ हे दोनदा म्हणा.

‘काँग्रिगेशन’ हा याचा चुलतभाऊ आणि त्याहून फसवा. प्रोटेस्टंट वाक्यात तो बहुधा सभे. कॅथलिक वाक्यात कधी प्रार्थनेला जमलेले लोक, तर कधी चक्क नन्सचा किंवा फादर लोकांचा संघ. मंगळूरला १८७० पासून असलेल्या अपोस्टॉलिक कार्मेल सिस्टर्सना काँग्रिगेशन म्हणतात तेव्हा त्याचा पॅरिशशी काही संबंध नसतो. वाक्यात ‘सिस्टर्स’, ‘संस्थापिका’, ‘व्रत’ असले शब्द आसपास आहेत का ते बघा आणि मग ठरवा.

उच्चाराचीही एक गंमत. ‘पॅरिश’ कन्नडमध्ये ‘प्यारिष्’ लिहितात. फोनवर ऐकणाऱ्याला ते कधी पॅरिस वाटतं, कधी ‘परिषत्तु’ म्हणजे परिषद. एकदा तर पलीकडून ‘परिशिष्ट?’ असा प्रश्न आला. कर्नाटकात परिशिष्ट जाति आणि परिशिष्ट पंगड म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, त्या माणसाला वाटलं जातीच्या दाखल्याचं काम आहे. फोनवर बोलायचं असेल तर ‘चर्च’ शब्द आधी, ‘पॅरिश’ नंतर.

पोटातले शब्द

मूळ शब्द बसला की बाकीचे आपोआप येतात, फार वेळ घालवू नका. पॅरिश प्रीस्ट म्हणजे आतल्या कर्नाटकात ‘धर्मकेंद्रद गुरुगळु’, किनाऱ्यावर ‘प्रधान धर्मगुरु’. त्याच्या हाताखालचा ‘सहायक धर्मगुरु’. एकवचन-अनेकवचनाचं भान ठेवा, फादरला नुसतं ‘गुरु’ म्हणणं कन्नडमध्ये उद्धट वाटतं, ‘गुरुगळु’च म्हणा, आपण ‘फादर आले’ म्हणतो तसं. पॅरिशनर म्हणजे ‘विश्वासिगळु’, किंवा बोलताना ‘ई चर्चिनवरु’, या चर्चचे लोक. दुसरं अधिक गोड आणि कुठल्याही गटाला कळणारं. पॅरिश हॉलला हॉलच म्हणतात. भाषांतर केलंत तर कुणाला पत्ता सापडणार नाही.

कादंबरी आणि अमेरिकेची बातमी

धारवाडची मुलं माझ्याकडे येतात ती जुन्या इंग्रजी कादंबऱ्या घेऊन. तिथे अनाथ पोर ‘पॅरिश’च्या खर्चाने वाढतं, म्हातारी ‘पॅरिशवर’ जगते. मुलं धर्मकेंद्र घालून वाचतात आणि वाक्य लागत नाही. कारण इंग्लंडमध्ये १६०१ च्या गरीब-कायद्याने गोरगरिबांना पोसायची जबाबदारी पॅरिशवर टाकली होती. घरांवर पट्टी बसवायची, तिच्यातून धान्य-कपडा द्यायचा. चर्चची हद्द तीच सरकारी कामाची हद्द झाली. पुढे १८९४ च्या कायद्याने गावोगाव निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिल आल्या, त्या चर्चपासून वेगळ्या. आजच्या इंग्लंडच्या बातमीत पॅरिश कौन्सिल दिसली तर ती ‘ग्राम पंचायिति’, तिथे फादरला शोधू नका. अमेरिकेत लुइझियाना राज्यात जिल्ह्यालाच पॅरिश म्हणतात, असे ६४ आहेत. जमैकातही तसंच. वादळाच्या बातमीत अमुक पॅरिशमध्ये पूर आला असं असेल तर कन्नडमध्ये बिनधास्त ‘जिल्ले’ म्हणा.

शब्दाच्या मुळाशी काय आहे ते मुलांना सांगितलं की ती खूश होतात. ग्रीक ‘पारॉइकिया’, म्हणजे शेजारी, जवळ राहणं, आणि त्यातही परक्या मुलखात राहणाऱ्याचा मुक्काम. उपऱ्यांच्या वस्तीला दिलेलं नाव पुढे पक्क्या हद्दीचं नाव झालं. बेळगावात राहणाऱ्या मराठी माणसाला या शब्दार्थावर थोडं थांबावंसं वाटतं, पण ते असो.

समजलं का, ते बघा

‘समजलं का?’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. तीन छोट्या गोष्टी विचारा. चर्चची इमारत दुरुस्तीसाठी बंद आहे, पॅरिश आहे की नाही? एक मुलगी गोव्याहून लग्नाला पाहुणी म्हणून आली आणि मिस्सेला बसली, ती या पॅरिशची झाली का? एक कुटुंब गल्ली ओलांडून पलीकडच्या घरात राहायला गेलं आणि रेघ नेमकी गल्लीतून जाते, आता लग्नाचं कुठे विचारायचं? तिसऱ्याचं उत्तर बरोबर आलं की माणूस पास. खेड्यातला माणूस या वेळी हमखास स्वतःहून म्हणतो, “नम्म ऊरल्लि चर्चु इल्ल, पक्कद ऊरिगे होगतीवि.” आमच्या गावात चर्च नाही, शेजारच्या गावी जातो. म्हणजे त्याला रेघ दिसली. गावं पाच, चर्च एक, पॅरिश एक.

कागदावर

दाखल्याच्या भाषांतरात मी आता पाच गोष्टी पाळतो. चर्चचं नाव आणि ‘पॅरिश’ हा शब्द लिप्यंतर करून तसाच ठेवतो, कारण शिक्क्यावर तोच असतो आणि कारकून अक्षर अक्षराला लावून बघतो. पहिल्यांदा येतो तिथे पुढे स्वल्पविराम देऊन अर्थ लिहितो, कॅथलिक असेल तर ‘अंदरे धर्मकेंद्र’ (‘अंदरे’ म्हणजे आपलं ‘म्हणजे’), ख्रिस्ती नसलेल्या कचेरीसाठी ‘अंदरे ई चर्चिन व्याप्ति’. त्यानंतर पूर्ण कागदात एकच शब्द, मधेच बदलायचा नाही. विधीचं नाव कुटुंबाला विचारून घेतो, ज्ञानस्नान की दीक्षास्नान, आणि ते चुकवत नाही, कारण त्यावर लोक शब्दाच्या चुकीपेक्षा जास्त रागावतात. आणि खाली ती ओळ, नोंदीची हद्द आहे, राहायचा पत्ता नव्हे.

परवा त्याच कचेरीत असाच एक कागद गेला. कारकून नवीन होता. त्याने ‘प्यारिष्’वर बोट ठेवलं, पुढचं ‘अंदरे’ वाचलं, खालची ओळ वाचली आणि शिक्का उचलला. मग थांबून म्हणाला, “सर, नम्म मनि हत्तिरानू ओंदु चर्चु ऐति. नावू आ व्याप्तिगे बरतीवेनु?” आमच्या घराजवळही एक चर्च आहे, आम्हीही त्या हद्दीत येतो का? घर तर येतं, म्हटलं. तुमचं नाव यादीत नाही, एवढंच.